निळ्या दोऱ्याची ओळ

त्या वर्षीचा गरम वारा आधी आईच्या ओठांना लागला आणि मग मिरचीच्या फुलांना. फुलं गळायला लागली तेव्हा मालकाने जाळीच्या कडेने ओली पोती टांगली, पाण्याचे फवारे सोडले, दिवसातून दहा वेळा आभाळाकडे बघितलं. आईच्या ओठांकडे कोण बघणार? ते फुटले म्हणजे नेमकं काय झालं, हे आईला आणि मला, दोघींनाच ठाऊक होतं.

आम्ही बियाण्याच्या प्लॉटवर कामाला होतो. पांढऱ्या जाळीचं लांबलचक घर, त्यात मिरचीच्या ओळी, आणि एकेका ओळीला एकेक बाई. ही मिरची खायची नव्हती, तिचं नुसतं बी घ्यायचं होतं. दुपारी काय करायचं, तर उद्या उमलेल अशी कळी हेरायची, चिमट्याने तिच्या पाकळ्या बाजूला करायच्या आणि आतले पाच-सहा निळसर दाणे एकेक करून उपटायचे. आम्ही त्यांना कण्या म्हणायचो. मधलं हिरवं टोक तेवढं ठेवायचं, त्याला ओरखडाही जाता कामा नये. मग देठाला दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या जाळीतल्या वेगळ्या जातीच्या मिरचीच्या फुलांची भुकटी बोटाने त्या टोकाला लावायची. ताडमावशी आमच्यात सगळ्यात उंच आणि सगळ्यात तोंडाळ. ती म्हणायची, "दुपारी हिचा नवरा काढून टाकायचा आणि सकाळी दुसरा आणून द्यायचा. आपल्यासाठी कुणी घेतले होते का असे कष्ट?" बायका इतक्या हसायच्या की हातातले चिमटे हलायचे, आणि मालक बाहेरून खेकसायचा.

त्याच्या खेकसण्याला कारण होतं. एक जरी कणी आत राहिली तरी कळी स्वतःच्याच भुकटीवर फळ धरते. बाहेरून फळ तसंच दिसतं, लाल होतं, वाळतं. फसगत कळते ती पुढच्या वर्षी, कंपनी ते बी पेरून बघते तेव्हा. मागच्या वर्षीचं बी असंच परत आलं होतं. म्हणून यंदा मालकाने प्रत्येकीच्या हातात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचं रीळ ठेवलं. माझा पिवळा, ताडमावशीचा लाल, आईचा निळा. आता चूक कुणाची ते दोराच सांगेल, असं म्हणून तो स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन गेला.

आईला जवळचं दिसत नव्हतं, लांबचंही धूसर झालं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. डॉक्टर म्हणाला होता चष्म्याने भागणार नाही, ऑपरेशन करावं लागेल आणि मग महिनाभर उन्हात, धुळीत जायचं नाही. हंगामात महिनाभर घरी बसणाऱ्या बाईला कोण परत घेतं? आई म्हणाली, हंगाम उरकला की बघू. असे दोन हंगाम उरकले.

तरीही ती काम करत होती, आणि चांगलं करत होती. चिमट्याने कळी साफ केली की ती हळूच वाकून कळी खालच्या ओठाला लावायची. ओठावर नुसतं टोक लागलं तर कळी साफ. बाजूला काही खरखरलं तर कणी राहिली. बोटांची कातडी कामाने जाड होते, ओठ मऊ राहतो. ही युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती. मालकाला वाटायचं बाई फुलांचा वास घेते. एकदा तो सगळ्यांसमोर म्हणाला, आमच्याकडे काही बाया फुलं हुंगायचा पगार घेतात. आई हसली. मीही हसले, कारण न हसणं परवडणारं नव्हतं.

मग तो वारा आला. आठ दिवसांत आईचे ओठ सोलून निघाले, भेगांतून रक्त यायला लागलं. तिने तूप लावलं, ओला फडका बांधला, काही उपयोग झाला नाही. कळी ओठाला लावली की नुसती आग व्हायची, बाकी काही कळायचं नाही. शेवटी तिने मला तोंड वळवून सांगितलं, जणू माझं काही चोरलं होतं तिने. माझी ओळ तिच्या ओळीला लागून होती. मी माझं काम भराभर उरकायचे आणि कण्या काढायच्या राहून उमललेली फुलं खुडायच्या निमित्ताने तिच्या ओळीत शिरायचे. निळा दोरा दिसला की कळी उघडून बघायची. दहातल्या तीन-चारांत काहीतरी राहिलेलं असायचं, ते काढून पुढे जायचं. कंबर मोडून जायची. आई मागे वळून बघायची नाही.

"धाकटीला यातलं काही कळू द्यायचं नाही," एवढं मात्र तिने मला बजावलं. "तिला कळलं तर ती शाळा सोडून इथं येऊन उभी राहील."

धाकटी माझी बहीण, नववीत होती. वडील गेले तेव्हा मी नववीत होते आणि शाळा माझी सुटली. तेव्हा आईने मनाशी काय ठरवलं होतं ते तिने बोलून दाखवलं नाही, पण आमच्या घरात एकीने शिकायचं आहे हे भांड्याकुंड्यांनाही माहीत होतं. सुट्टीच्या दिवशी धाकटी प्लॉटवर यायची, तेव्हा आई तिला मुद्दाम पलीकडच्या जाळीत भुकटीची फुलं गोळा करायला पाठवायची. आपल्या ओळीत तिला येऊ द्यायची नाही. धाकटीला वाटायचं, आई आपल्याला सोपं काम देते.

त्याच महिन्यात तिच्या वर्गात फुलाचा धडा सुरू झाला. संध्याकाळी ती दारात बसून मोठ्याने वाचायची. आई भाजी निवडत ऐकायची. फुलात चार मंडलं असतात. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग. धाकटीने वहीत फूल काढलं, असं की उचलून हुंगावं. मग पेन्सिलीच्या रेघा ओढून नावं लिहिली. मी वाकून बघितलं. ज्या कण्या मी सहा वर्षं उपटत होते त्यांना पुस्तकात परागकोष म्हणतात, आणि टोकाला कुक्षी. मला उगाचच राग आला. इतकं भारदस्त नाव होतं तर आम्हाला आधी सांगायचं होतं कुणीतरी.

आईला मात्र गंमत वाटली. तिने दोन-तीनदा तो शब्द घोळवला. परागकोष. "म्हणजे मी रोज नववीचा अभ्यास करते तर," ती म्हणाली. मग तिने विचारलं, एखादा परागकोष आत राहिला तर पुस्तक काय म्हणतं? धाकटी धडाधडा बोलली: तर स्वयंपरागण होतं, फुलाचे परागकण त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतात, संकर होत नाही, बी आईसारखंच निघतं. आईने मान हलवली आणि भाजीत लक्ष घातलं. निवडलेली पानं आणि टाकायचे देठ तिने एकाच टोपलीत टाकले होते. धाकटीचं लक्ष वहीत होतं.

शाळेतले विज्ञानाचे सर भले माणूस. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच होता आणि त्यातून सगळं धुकं दिसायचं. फुलाची प्लास्टरची प्रतिकृती होती, भोपळ्याएवढी, एक पाकळी मोडलेली. सरांना वाटलं, इतक्या जवळ बियाण्याचा प्लॉट आहे तर पोरांना खरंखुरं दाखवू. ते मालकाला भेटले. मालक असा फुलला की विचारू नका. कुणी त्याच्याकडे शिकायला येतंय हे त्याच्या उभ्या जन्मात पहिल्यांदा घडत होतं.

भेट दुपारी तीनची ठरली, ऐन कण्या काढायच्या वेळेची. धाकटी चार दिवस नुसती उड्या मारत होती. आम्हाला काळजी वाटायला हवी होती, पण आमचाही ऊर भरून आला होता. आईने त्या दिवशी धुतलेला रुमाल डोक्याला बांधला.

दोन वाजता मालकाने मला हाक मारली. मी तरुण, चटपटीत, म्हणून ताडपत्री अंथर, पिण्याचं पाणी भर, पेले विसळ, बिस्किटं ताटात लाव. मी म्हणाले, माझी ओळ राहिली आहे. तो म्हणाला, राहू दे तासभर. मी आईकडे बघितलं. तिने हाताने खूण केली, जा. तासाभरात असं काय बिघडणार होतं?

पोरं आली. तीस-पस्तीस असतील. जाळीच्या आतल्या उकाड्याने त्यांचे चेहरे लाल झाले. मालकाने भाषण केलं, त्यात निम्मं स्वतःविषयी होतं. मग सर म्हणाले, आमच्या वर्गातल्या एका मुलीचं घरच या कामात आहे, तीच आता आपल्याला दाखवेल. धाकटी पुढे आली. सरांनी तिच्या हातात चिमटा आणि भिंग दिलं. तिने इकडे तिकडे बघितलं. पहिली ओळ ताडमावशीची होती, दुसरी माझी. ती दोन्ही ओलांडून सरळ आईच्या ओळीत गेली. आपल्या आईचं काम वर्गाला दाखवायचं होतं तिला. मी पाण्याची घागर घेऊन जाळीच्या दारात उभी होते. मला वाटलं हाक मारावी. पण काय म्हणून मारणार?

तिने निळ्या दोऱ्याची कळी धरली आणि पाकळ्या इतक्या अलगद उघडल्या की मालकसुद्धा पुढे सरकला. "हा निदलपुंज," ती सांगत होती, "या पाकळ्या, म्हणजे दलपुंज. आत पुमंग होता, तो काढून टाकलेला आहे, आणि आता फक्त..."

ती थांबली. भिंग जवळ नेलं.

"काय दिसतंय?" सरांनी विचारलं.

"दोन परागकोष राहिलेत, सर."

"अरे वा. मग आता काय होईल, सांग बरं सगळ्यांना."

"स्वयंपरागण होईल. संकर होणार नाही. बी आईसारखंच निघेल."

"शाब्बास," सर म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. जाळीच्या घरात टाळ्या घुमत नाहीत, विरून जातात, तरी मला त्या आजही ऐकू येतात. धाकटीचा चेहरा उजळला होता. तो तसा किती वेळ राहिला, तर मालकाने खाली वाकून दोऱ्याचा रंग बघेपर्यंत. मग तिने दोऱ्याकडे बघितलं, मालकाकडे बघितलं, आणि शेवटी ओळीच्या टोकाला. तिथे आई उभी होती, एक कळी फुटक्या ओठाला लावून, आणि तिला इतक्या लांबून आमच्यापैकी कुणाचंच तोंड नीट दिसत नसावं.

पाहुण्यांपुढे मालक एक शब्द बोलला नाही. पोरांनी बिस्किटं खाल्ली, पाणी प्यायलं, रांगेने परत गेली. धाकटीलाही रांगेत जावं लागलं. ती वळून वळून बघत होती.

मग मालकाने आईच्या दहा कळ्या उघडल्या. चारांत कण्या होत्या. त्याने आईच्या डोळ्यांसमोर दोन बोटं धरली आणि विचारलं, किती? आईने बरोबर सांगितलं. मग त्याने तिच्या तळहातावर एक कणी ठेवली आणि विचारलं, हातावर काय आहे? आई बराच वेळ हाताकडे बघत राहिली. पन्नाशीची बाई, आणि तो तिला पोरांसारखं विचारत होता. बाकीच्या बायका मान खाली घालून कळ्यांत बघत होत्या. ताडमावशीसुद्धा.

त्याने निळ्या दोऱ्याचं सगळं तोडायला सांगितलं. कळ्याच नाहीत, महिन्याभरापूर्वी धरलेली, बोटाएवढी झालेली हिरवी फळंसुद्धा. मला राहवलं नाही. मी म्हणाले, ती फळं चोख आहेत, त्यातली एकेक कळी मी स्वतः तपासली आहे.

"म्हणजे तुला माहीत होतं," तो म्हणाला.

ते तोडायचं काम त्याने मलाच दिलं. आई टोपली धरून उभी राहिली आणि मी तोडत गेले. कोवळी मिरची तुटताना कटकन आवाज होतो. पहिल्या टोपलीनंतर माझी बोटं चुरचुरायला लागली आणि मी त्याच हातांनी डोळे पुसले, म्हणजे मग रडण्याला कारणही मिळालं. चार टोपल्या भरल्या. त्या बांधापलीकडे ओतल्या. माझ्या कमरेचे ते सगळे दिवस त्या ढिगात होते, आणि त्यातलं बी खरंच चोख होतं. हे सिद्ध करायला ते पेरून बघावं लागलं असतं.

निघताना मालकाने आपला निर्णय सांगितला. आईने उद्यापासून यायचं नाही. मी लबाडी केली, तरी त्याला हात हवे होते, म्हणून मी राहू शकते, पण एका अटीवर. "धाकटीला पाठव तुझ्याबरोबर. तिला दिसतं, आणि तिला खोटं बोलता येत नाही. दोघी या, नाहीतर दोघी नको."

घरी धाकटी भिंतीला टेकून बसली होती, गणवेशातच. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, मला का नाही सांगितलंत? काय सांगणार? तू शाळा सोडशील म्हणून नाही सांगितलं, हे आता कोणत्या तोंडाने सांगायचं?

आई म्हणाली, तिने जायचं नाही, आपण दुसरीकडे काम बघू. आठ दिवस बघितलं. त्या वाऱ्यात सगळ्यांचीच फुलं गळत होती, जो तो बायका कमी करत होता. नवव्या दिवशी धाकटी सकाळी माझ्याआधी उठली आणि माझा जुना रुमाल डोक्याला बांधून दारात उभी राहिली. म्हणाली, हंगामापुरतं. आई तिच्या अंगावर ओरडली नाही. धाकटीने तिच्याकडे बघून विचारलं, "मी तेव्हा चुकीचं बोलले का?"

"नाही," आई म्हणाली. "बरोबर बोललीस."

यापेक्षा तिने एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मालकाने धाकटीला आईचीच ओळ दिली आणि उरलेलं निळं रीळ. तिचा हात असा चालायचा की बघत राहावं. पंधरा दिवसांत ती ताडमावशीच्या पुढे गेली. कंपनीचा माणूस आला की मालक तिला दाखवायचा, ही शाळेत पहिली यायची म्हणून. यायची, असं म्हणायचा. दोनच आठवड्यांत तो भूतकाळात गेला होता.

सर एकदा घरी येऊन गेले. प्लॉटच्या भेटीवर जो अहवाल लिहायचा होता, त्यात तिला पैकीच्या पैकी मिळाले होते, ती वही द्यायला. तिची फुलाची आकृती त्यांनी प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावली होती. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, पण नेमकं कशाचं ते त्यांना कळत नव्हतं. आम्हीही सांगितलं नाही. परीक्षेपुरती तरी ये, ते म्हणाले. परीक्षा आली तेव्हा फळं पिकली होती आणि बी काढायचं काम अंगावर होतं. मिरचीचं बी काढताना हातांची इतकी आग होते की पेन धरवत नाही.

हंगामानंतर आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. आता तिला स्वच्छ दिसतं. धाकटीची बोटं दिसतात, नखांत बसलेला हिरवा रंग दिसतो, कोनाड्यातलं पुस्तक दिसतं. मालकाकडे ती स्वतः जाऊन आली. त्याने आदराने बसवलं आणि आता वय झालं म्हणाला.

पुढच्या वर्षी सर पुन्हा आले, नव्या नववीला घेऊन. वारा तेवढा गरम नव्हता. मालकाने तेच भाषण केलं. सरांनी धाकटीला ओळीतून हाक मारली, ही आमची विद्यार्थिनी, असं पोरांना सांगितलं आणि तिच्या हातात भिंग दिलं. शाळा सुटली नसती तर ती त्या दिवशी दहावीत बसलेली असती. सर म्हणाले, मागच्या वेळेसारखं दाखव. मालक कडेला हाताची घडी घालून उभा होता.

ती या वेळी ओळी ओलांडून गेली नाही. समोर पहिली ओळ होती, तिथलीच लाल दोऱ्याची एक कळी तिने धरली. ताडमावशी तिथेच होती. मी माझ्या ओळीतून सगळं बघत होते, दोन हातांवरून. ताडमावशीचे हात गेल्या काही महिन्यांपासून थरथरत होते. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, पण बाजूच्या ओळीत काम करणारीला सांगावं लागत नाही.

धाकटीने पाकळ्या उघडल्या. टोकाच्या बुडाशी एक निळसर कणी होती. मला दिसली. ताडमावशीचं तोंड पांढरं पडलं, म्हणजे तिलाही दिसली. धाकटीने भिंग धरलेला हात कळीवर आडवा घेतला आणि त्याच्याआड अंगठ्याचं नख एकदाच फिरवलं. मग कळी वर धरली.

"काय दिसतंय?" सरांनी विचारलं.

"काही नाही, सर. साफ आहे."

"म्हणजे स्वयंपरागण होणार नाही," सर पोरांकडे वळून म्हणाले. "लिहून घ्या."

पोरांनी वह्या मांडीवर घेऊन लिहून घेतलं. मालकाने मान डोलावली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. धाकटीने भिंग सरांना परत दिलं, रुमालाच्या टोकाला अंगठा पुसला आणि आपल्या ओळीत येऊन पुढची कळी धरली.